अख्खं दिलेलं कात्रण

साहेब,

परवाच्या रविवारी विहारात तुमच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. कारखान्यातले जुने लोक आले होते, वहिनींच्या महापालिकेच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या. तुमच्या सोसायटीतले नेने चक्क वेळेच्या आधी येऊन बसले होते आणि कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला म्हणून दर मिनिटाला घड्याळ बघत होते. मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी बोलले. छान बोललात, असं सगळे म्हणाले. टूलरूमच्या शिंदेमामांनी डोळे पुसले. आणि मी खाली येऊन बसले तेव्हा मला माझीच लाज वाटत होती.

मी सांगितलं ते सगळं खरं होतं. पण तुमच्याबद्दल जी एक गोष्ट सांगणं भाग होतं, ती मी सांगितली नाही. तुम्ही होतात तेव्हाही सांगितली नव्हती. आता इथे सांगते. जरा वळसा घेऊन सांगेन, कारण सरळ तिथे जायची मला अजून भीती वाटते.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. क्वालिटी कंट्रोलमध्ये ट्रेनी, आणि अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकटी बाई. भोसरीकडचा आपला तो गिअर बनवणारा कारखाना, पत्र्याची शेड, कूलंटचा वास. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. ज्या गाड्यांसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या आता शोरूममध्ये उभ्या राहून गिऱ्हाइकाची वाट बघायला लागल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे साहेब लोक रोज घाबरलेले असायचे. तुम्ही मात्र सकाळी दहाचा चहा आला की खिशातून कात्रण काढायचात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, राशिभविष्य वाचताय की काय. पण ती व्यापाराच्या पानावरची एक छोटी बातमी होती, आणि अर्धवट होती. दाढीच्या ब्लेडने मधोमध कापलेली. तुम्ही वरचा तुकडा वाचून दाखवलात आणि थांबलात. खालचा तुकडा दुसऱ्या खिशात होता. "तुम्ही असता तर काय केलं असतं?" असं तुम्ही प्रत्येकाला विचारलंत. शिंदेमामांनाही विचारलंत आणि मलाही. मी शहाणपणा करून म्हटलं, "परिस्थिती बघून ठरवलं असतं." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "परिस्थिती आत्ता वाचून दाखवली ना मी? झोपला होतात का?"

खालचा तुकडा दुसऱ्या दिवशी मिळायचा. आमचं उत्तर एक रात्र आमच्याजवळ राहिलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं होतं. कुठे कापायचं हीच खरी मेहनत, असंही एकदा म्हणाला होतात. प्रत्येक बातमीत एक जागा असते, जिथे कुणालातरी काहीतरी ठरवावं लागतं. लोक पुढची ओळ वाचून मोकळे होतात आणि आपल्यालाही तेच सुचलं असतं असं समजतात. ती जागा सापडली की तिथे ब्लेड लावायचं. यामुळे वहिनींना घरी रोज भोकं पडलेला पेपर वाचावा लागायचा. "आमच्याकडे पेपर येत नाही, जाळी येते," असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मोठ्या मथळ्यांकडे तुम्ही ढुंकून बघत नव्हतात. आतल्या पानावरची चार इंचांची बातमी तुम्हाला आवडायची. एकदा वजनकाटे बनवणाऱ्या एका जुन्या कंपनीची बातमी होती. वर्षानुवर्षं तिच्या दारात रांग, आणि आता बाहेरचे इलेक्ट्रॉनिक काटे आले तर एकदम शुकशुकाट. मी म्हटलं, नवीन तंत्रज्ञान आणायचं. कुणी म्हणालं, जाहिरात करायची. शिंदेमामा उकिडवे बसून बशीत चहा ओतत होते. ते म्हणाले, "साहेब, मी असतो तर आधी जाऊन चार दुकानात बसलो असतो. बाजारात काटा कुणाला कशापायी लागतो, ह्ये त्या दुकानदाराला ठावं हाय. कंपनीत बसून काय कळतंय?" दुसऱ्या दिवशी खालचा तुकडा निघाला. कंपनीने दिल्लीला शिष्टमंडळ पाठवलं होतं, परदेशी काटे बंद करा म्हणून. आम्ही सगळे शिंदेमामांकडे बघून हसलो, की झाली फजिती. तुम्ही कात्रणाची घडी घातलीत आणि म्हणालात, "शिंदे बरोबर, कंपनी चूक. पेपरात आलंय म्हणून ते शहाणपणाचं असतं, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

हे वाक्य मी पुढे फार वेळा आठवलं आहे, साहेब.

त्याच वर्षीची लॉटची गोष्ट. तीच मी विहारात सांगितली. त्या आठवड्यात तुम्ही एका प्रेशर कुकरवाल्या कंपनीची बातमी वाचली होती. काही कुकरांच्या झाकणात दोष निघाला होता आणि माल देशभर गेलेला होता. मी तत्काळ म्हटलं, सगळे परत बोलवायचे, त्यात विचार काय करायचा? तुम्ही म्हणालात, "चहा पिताना सगळेच परत बोलावतात." मला राग आला होता. दोन दिवसांनी महिनाअखेरीचा लॉट माझ्यासमोर आला आणि गिअरचा कडकपणा कमी भरला. बाहेर गिऱ्हाइकाचा ट्रक उभा. डिस्पॅचचे लोक माझ्या डोक्यावर उभे. "अहो बाई, उन्नीस-बीस चालतं, सही करा." मी माल नापास केल्याचा लाल टॅग लावला आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घालून तिथेच उभी राहिले. मग त्यांनी तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात, आकडे बघितलेत आणि मला एवढंच विचारलंत, "पुन्हा मोजलंत?" मी म्हटलं, "तीनदा." तुम्ही म्हणालात, "मग टॅग राहू दे." ट्रक रिकामा परत गेला. वरच्या मजल्यावर तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मला शिंदेमामांकडून महिनाभराने कळलं. तुम्ही मात्र पुढची वीस वर्षं भेटेल त्याला माझी ओळख करून देताना म्हणत राहिलात, "या लेलेबाई. यांनी ट्रेनी असताना लॉट अडवला होता."

तुमच्या कोथरूडच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले, त्या दिवशी आईने विचारलं होतं, "भालेराव म्हणजे कुठले?" मी म्हटलं, "कोथरूडचे." आणि चपला घालून निघाले. हे मी तुम्हाला मोठ्या हुशारीने सांगितलं, तेव्हा तुम्ही हसलात. "पत्ता बरोबर सांगितलात," म्हणालात आणि मला भाकरी वाढलीत. त्या उत्तरात हुशारीपेक्षा भित्रेपणा जास्त होता, हे मला कळायला आणखी दोन वर्षं गेली. तुम्हाला ते तिथल्या तिथे कळलं असणार. पण तुम्ही माणसाला सावकाश शहाणं होऊ द्यायचात. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे ते कधी बोलले नाही.

मग कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तुम्ही बाहेर पडलात, शिंदेमामा पडले, आणि मी संध्याकाळचे क्लास करून सॉफ्टवेअर टेस्टिंगकडे वळले. दहाच्या चहाचा कार्यक्रम आता रविवारी तुमच्या गॅलरीत व्हायला लागला. चार खुर्च्या. तुम्ही, मी, शेजारचे बँकेतून निवृत्त झालेले नेने, आणि कात्रजच्या पलीकडच्या गावाहून दोन बस बदलून येणारे शिंदेमामा. बातम्या आता दूरसंचारच्या, कॉल सेंटरच्या, हिंजवडीच्या असायच्या. नेने दर वेळी उत्तर द्यायचे, "मी असतो तर ही कंपनी काढलीच नसती."

अशाच एका रविवारी मी दोन नोकऱ्यांची पत्रं घेऊन आले. एक छोटी कंपनी होती, एका बंगल्यात वीस माणसं. दुसरी मोठी, देशभर ऑफिसं, काचेची इमारत, न्यायला बस. तिचं नाव इथे लिहीत नाही, आणि आता ती उरलेलीही नाही. कुठे जाऊ, असं मी तुम्हाला विचारलं. तुम्ही आत गेलात आणि एक कात्रण घेऊन आलात. त्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाचा फोटो होता. कँटीनमध्ये हातात ताट घेऊन, आपल्याच कर्मचाऱ्यांच्या रांगेत उभा. खाली त्याच्या साधेपणाबद्दल लिहिलेलं. आणि ते कात्रण अख्खं होतं. इतक्या वर्षांत तुम्ही न कापता दिलेलं पहिलं कात्रण.

"हे का नाही कापलंत?" मी विचारलं.

"यात कापण्यासारखं काही नाही," तुम्ही म्हणालात. "ताट घेऊन रांगेत उभा राहणारा मालक माणसांना फसवत नाही. जा तिथे."

ही तुमची चूक होती, साहेब, ही एवढीच. आणि ती तुमच्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकत होती. आपल्या कारखान्यात सगळे मॅनेजर वरच्या मजल्यावर वेगळे जेवायचे, तुम्ही एकटे खाली कामगारांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहायचात. त्याबद्दल तुम्हाला काय काय ऐकवलं गेलं, तुमच्या आडून काय बोललं गेलं, ते मला ठाऊक आहे. त्या फोटोत तुम्हाला तुम्हीच दिसलात. आपल्यासारखा दिसणारा माणूस खोटा असेल असं कुणाच्या मनात येणार? आणि खरं सांगायचं तर मलाही ती काचेची इमारतच हवी होती. तुम्ही बंगल्याचं नाव घेतलं असतंत, तर मी तुमच्याशी वाद घालून काचेकडेच गेले असते.

तिथे माझं चांगलं चाललं. टीम मिळाली, केबिन मिळाली. मग एका मोठ्या परदेशी कामावर मला मॅनेजर केलं. त्या कामावर कोण किती तास बसलं याची यादी दर शुक्रवारी माझ्या मंजुरीसाठी यायची. यादीत बावीस नावं असायची. माझ्या हॉलमध्ये बसायची चौदा माणसं. उरलेली आठ मी कधी पाहिली नाहीत. वरच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्या ऑफिसमधून काम करतात. यू जस्ट अप्रूव्ह." मी म्हटलं, एकाचा तरी फोन नंबर द्या, बोलायचंय. ते हसले. "मंजिरी, यू आर ओव्हरथिंकिंग."

मी नंबर पुन्हा मागितला नाही. दर शुक्रवारी मंजूर करत राहिले. दोन वर्षं.

आणि दर रविवारी तुमच्या गॅलरीत येऊन बसत राहिले. मला आज याचंच सगळ्यात नवल वाटतं. एका रविवारी तुम्ही एका औषध कंपनीची बातमी कापून आणली होती. तिथल्या एका केमिस्टला कळतं, की चाचण्या न करताच त्यांचे रिपोर्ट लिहिले जातायत. तिथे तुम्ही ब्लेड लावलं होतं. शिंदेमामा हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "अवघड हाय, साहेब. घरी लेकरं असत्यात. मला न्हाई सांगता यायचं." मी म्हटलं, "मी असते तर राजीनामा देऊन बाहेर येऊन सांगितलं असतं." अगदी ठासून म्हटलं. तुम्ही नेन्यांकडे वळून म्हणालात, "लॉट अडवणारी बाई आहे ती." केवढा अभिमान होता तुमच्या आवाजात. मी चहाचा कप तोंडाला लावला.

पुढचं सगळ्यांनी पेपरातच वाचलं. पहिल्या पानावर. कामं खोटी, माणसं खोटी, आणि तो ताटवाला अध्यक्ष गजाआड. काही महिन्यांत पुण्याचं ऑफिस बंद झालं. ज्या दिवशी मला पत्र मिळालं, त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्याकडे आले. बसलेसुद्धा नाही. नेने होते, शिंदेमामा होते, वहिनी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुमच्या त्या कात्रणाने माझं वाटोळं केलं, साहेब. बंगल्यात गेले असते तर आज नोकरीत असते. दुसऱ्याच्या आयुष्यावर कशाला प्रयोग करायचे?"

नेने म्हणाले, "अहो लेलेबाई, पेपर त्यांनी छापला नव्हता."

तुम्ही हात वर करून त्यांना थांबवलंत. तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. तुम्ही म्हणालात, "त्यांचं बरोबर आहे. मी कापायला हवं होतं ते. एकदाच कापलं नाही, आणि नेमकं यांच्या वेळी. चूक माझी आहे, लेलेबाई. माफ करा मला."

तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती घेतली. "जाऊ दे आता," असंही वर म्हटलं. मोठेपणाने.

पुढच्या रविवारी कात्रण नव्हतं. तुम्ही म्हणालात, डोळे साथ देत नाहीत, मोतीबिंदू काढायचाय. मोतीबिंदू निघाला, दिसायला लागलं, तरी ब्लेड काही परत निघालं नाही. शिंदेमामा पाच-सहा महिने येत राहिले, मग दोन बस बदलून नुसता चहा प्यायला यायचं त्यांनाही जड झालं. नेने, तुम्ही आणि मी, आपण तिघं गुडघ्यांवर बोलायचो, धरणात पाणी किती आहे त्यावर बोलायचो. मला चार महिन्यांत दुसरी नोकरी मिळालीही होती. ज्याला वाटोळं म्हटलं होतं, ते एवढंच टिकलं. वहिनी एकदा म्हणाल्या, "आमच्याकडे आता अख्खा पेपर येतो." मी हसले. त्या हसत नव्हत्या.

आणि मग खडकवासल्याचा दिवस. मी नवीन गाडी घेतली होती, तुम्हाला दोघांना फिरवायला नेलं होतं. वहिनी कणसं आणायला गेल्या आणि आपण कठड्याशी उभे होतो. तुम्ही पाण्याकडे बघत विचारलंत, "लेलेबाई, एक विचारू? रागावू नका. तिथे असताना तुम्हाला कधी काही जाणवलं होतं का हो? काहीही?"

तुम्ही किती जपून विचारलंत. तुम्हाला माझी उलटतपासणी करायची नव्हती. वर्षभर स्वतःला खात होतात, त्यातून थोडं सुटायला एक फट शोधत होतात. मी तेवढी फट द्यायला हवी होती. एक "हो" पुरला असता.

मी म्हटलं, "नाही हो, साहेब. आम्हा खालच्या लोकांना कसं कळणार?"

तुम्ही मान डोलावलीत. "तेही खरंच. तुम्हाला कळलं असतं, तर तुम्ही गप्प बसला नसतात." तेवढ्यात वहिनी कणसं घेऊन आल्या. तुम्ही माझ्या कणसावर लिंबू पिळून दिलंत.

का खोटं बोलले, याचा मी खूप विचार केला आहे. नोकरीची भीती नव्हती, पोलिसांची नव्हती. भीती होती ती एवढीच, की लॉट अडवणारी लेलेबाई तुमच्याजवळून जाईल. तुमच्या नजरेतून मी उतरण्यापेक्षा तुम्ही स्वतःच्या नजरेतून उतरलेले मला चालले. हे असंच आहे.

एक वाद मात्र मला अजून तुमच्याशी घालायचाय. तुम्हाला वाटायचं, माणूस एकदा ताठ उभा राहिला की तो तसाच घडला, कायमचा. नाही, साहेब. लॉट मी अडवला नव्हता. मी टॅग लावला होता, अडवला तुम्ही. "मग टॅग राहू दे" असं म्हणणारं कुणीतरी मागे होतं, म्हणून ती चोवीस वर्षांची पोरगी शूर ठरली. काचेच्या केबिनमध्ये माझ्या मागे कुणी नव्हतं. पेपरवाले धाडसी माणसांच्या मुलाखती घेतात, त्यांच्या मागे कोण उभं होतं ते विचारत नाहीत. आपल्या इतक्या रविवारांत आपणही कधी विचारलं नाही. आता माझ्या टीममधलं कुणी घाबरत घाबरत काही सांगायला आलं, की मी हातातलं काम ठेवते आणि विचारते, पुन्हा बघितलंस का? हे मी तुमच्याकडून घेतलंय. ते तुम्हाला सांगायची फार इच्छा व्हायची, पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

आणि हा वाद असा मनात रंगात आला, की लगेच मला आठवतं, मागे कुणी नव्हतं कसं? तुम्ही होतात की. कोथरूडला, गॅलरीत, दर रविवारी, समोरच्या खुर्चीत. मी तोंड उघडायचं बाकी होतं.

विहारात सुरुवातीला पंचशील म्हणत होते. मी पांढरी साडी नेसून वहिनींच्या मागे बसले होते आणि छापील कागदावर बघून सगळ्यांबरोबर म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. माझा आवाज तिथे बंद पडला. पुढे मी नुसते ओठ हलवले. आणि त्यानंतर वीस मिनिटांनी उभी राहून मी सगळ्यांना सांगितलं, की मी लॉट कसा अडवला.

बुधवारी दुपारी वहिनींकडे गेले. त्या मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आठ नावं, दर शुक्रवार, खडकवासला. त्यांनी हात थांबवले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "किती वर्षं झाली त्याला?"

"सात."

"सात वर्षं हा माणूस सकाळी पेपर उघडायचा, आतलं पान काढायचा, आणि घडी घालून ठेवून द्यायचा. मी म्हणायची, अहो, बोलवा की शिंद्यांना. तर म्हणायचे, आपण कुणाला काही सांगायच्या लायकीचे राहिलो नाही."

मी रडायला लागले. म्हटलं, "वहिनी, मला माफ करा."

"मी काय माफ करू? ते माझ्याकडे नाही, मंजिरी." त्यांनी काड्या एका बाजूला केल्या. त्या रागावल्या आहेत की दमल्या आहेत, मला कळेना. मग शाळेत फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी गॅलरीत तुम्ही चार माणसांदेखत बोललात. शिंद्यांनी ते कारखान्यातल्या लोकांना सांगितलं, नेन्यांनी सोसायटीत सांगितलं. अजून लोकांना वाटतं, भालेरावांनी त्या बाईला खड्ड्यात घातलं. कारखान्यातले लोक स्मरणिका काढतायत. त्यात लिहा. आणि गोलगोल लिहू नका, तुम्हाला ती सवय आहे."

म्हणून हे स्मरणिकेत देते आहे. शिंदेमामा वाचतील, नेने वाचतील, डिस्पॅचचे लोकही वाचतील. यानंतर माझी ओळख कोण कशी करून देईल, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

साहेब, त्या कंपनीत काय चाललंय ते मला दोन वर्षं दिसत होतं. मी मंजूर करत राहिले. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नाही म्हटलं. माझं वाटोळं तुम्ही केलं नव्हतंत. माफी मी मागायची होती, आणि मी तुम्हाला ती मागू दिली.

मंजिरी लेले